मागच्या सीटवरची आधी बोलते

अल्बम एका शुक्रवारी आला, आणि पुढचे पंधरा दिवस मी कान सांभाळत फिरले.

ऐकायचा नव्हता असं मुळीच नाही. जीव नुसता तळमळत होता. आमच्या लाडक्या बँडचा बारा वर्षांनी नवा अल्बम, गाणारा सत्तरीच्या पुढे गेलेला, सगळे धरूनच चालले होते की आता काही हे लोक पुन्हा स्टुडिओत जात नाहीत. आणि गेले की. पण त्यांचा नवा अल्बम एकटीनं ऐकायचा नाही असा आमचा नियम आहे, आणि बाकी बाबतीत मी कशीही असले तरी ह्या एका नियमाला मी पक्की आहे. म्हणून दुसऱ्या शनिवारी सुपरमार्केटात कांदे निवडत असताना वरच्या स्पीकरमधून तो गायला लागला, तेव्हा ट्रॉली तिथंच सोडली, दोन्ही कानांत बोटं घातली आणि मी पार्किंगमध्ये पळाले. पाच मिनिटांनी माझी सोळा वर्षांची मुलगी ट्रॉली ढकलत बाहेर आली.

"ममा, इट्स जस्ट अ साँग."

"तुझ्यासाठी असेल."

"पीपल वेअर लुकिंग."

"बघू देत. त्यांनाही जरा करमणूक."

आता नियम काय ते सांगते. वीस वर्षांपूर्वी आम्ही तिघी पुण्याहून मेलबर्नला शिकायला आलो. एका घरात सात मुली, एक बाथरूम. आम्ही तिघी एकाच फिश अँड चिप्सच्या दुकानात कामाला. बॉस म्हणजे एक दांडगा, लाल मानेचा गोरा माणूस. फ्रायरच्या वर फळीवर त्याचा तेलकट सीडी प्लेअर होता आणि त्यात दिवसभर एकाच रॉक बँडच्या सीड्या. पहिला महिना आम्हाला तो निव्वळ गोंगाट वाटला. दुसऱ्या महिन्यात चिप्सच्या जाळ्या आपोआप ठेक्यावर हलायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात बॉस सुट्टीवर गेला, आता हवं ते लावा म्हणून सांगून गेला, आणि आम्ही तीच सीडी लावली. तेव्हाच कळलं, आपण कामातून गेलो.

त्या हिवाळ्यात त्यांचा नवा अल्बम आला. तिघींत मिळून एक सीडी घेतली. घरात मोठ्यानं लावायची सोय नाही, म्हणून आमच्यातल्या एकीची जी खटारा हॅचबॅक होती ती स्टेशनच्या कार पार्कमध्ये उभी केली आणि शिफ्टच्या आधी, भर दुपारी, काचा वर करून आख्खा अल्बम ऐकला. गाडीवाली स्टीअरिंगवर, मी तिच्या शेजारी, आणि तिसरी, सगळ्यात बुटकी म्हणून, मागे, मांडीवर दुकानाची बटाट्याची गोणी घेऊन. मागचा एक स्पीकर मेलेला होता आणि दुसरा घरघरायचा. अल्बम संपल्यावर ती म्हणाली, "मला नुसता ड्रम ऐकू आला. तुम्ही मजा केलीत."

आम्हाला वाईट वाटलं. मग गाडीवालीनं तोडगा काढला. मागच्या सीटवर बसेल तिनं आधी बोलायचं. अल्बम कसा आहे ते पहिलं ती सांगणार, तोवर पुढच्या दोघींनी चकार शब्द काढायचा नाही. खरं कारण वेगळंच होतं, ते मला नंतर कळलं. मी आधी बोलले की बाकी कुणाला मत उरत नाही, हे तिनं तेव्हाच ओळखलं होतं. पुढे गाड्या बदलल्या, स्पीकर सुधारले, तरी नियम राहिला. एक अल्बम, तिघी, एक गाडी, फोन डिकीत, गाणं पुढे ढकलायचं नाही, आणि मागचीनं आधी बोलायचं.

आज ती गाडीवाली मेलबर्नच्या उत्तर टोकाला, क्रेगीबर्नला राहते, हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि लागतील तेवढेच शब्द वापरते. मी दुसऱ्या टोकाला, पॉइंट कुकला असते. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, काउंटरवर बसते, कचऱ्याची बिन उचलली नाही, शेजाऱ्याचं झाड माझ्या कुंपणावर आलं, अशा तक्रारी दिवसभर ऐकते, त्यामुळे माझा आवाज आणि पारा दोन्ही जरा चढेच असतात. मागच्या सीटवरची आयटीत लागली, लग्न करून ब्रिस्बेनकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सला गेली. आणि तिच्याशी मी दोन वर्षं धड बोलले नव्हते. म्हणूनच अल्बम येऊनही ऐकायची पंचाईत होती.

दोन वर्षांपूर्वी बँडचा दौरा होता. मेलबर्नजवळच्या यारा व्हॅलीत द्राक्षमळ्यातला दुपारचा शो, हिरवळीवर चटया पसरून बसायचं. ती ब्रिस्बेनहून खास विमानानं आली. शो छान चालला होता आणि मग आमचं सगळ्यात लाडकं गाणं आलं. त्यातल्या उंच जागेवर गाणाऱ्याचा आवाज चिरकला. दुसऱ्या वेळी त्यानं प्रयत्नच केला नाही, माइक लोकांकडे फिरवला. लोकांनी जीव तोडून गायलं. मला मात्र भडभडून आलं, आणि माझं दुःख कायम रागाचे कपडे घालून बाहेर पडतं. गाडीत बसलो, दार लागलं, आणि मागचीनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आता ह्यांनी घरी बसावं. ह्या वयात कशाला हा अट्टहास? माणसाला आपलं आपल्याला कळायला नको?"

मागे पर्सची चेन लागल्याचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, "तुला सगळंच कळतं ना."

त्यावर मी बोलले, त्यावर ती बोलली, आणि एअरपोर्ट येईपर्यंत माझ्या स्वभावापासून तिच्या सासरपर्यंत सगळं निघालं. ती बॅग घेऊन उतरली ती मागे न बघता गेली. त्यानंतर वाढदिवसाला माझ्याकडून केकचं चित्र, तिच्याकडून हात जोडल्याचं. एका बँडवरून कुणाला इतकं झोंबतं का, असं मी स्वतःला दोन वर्षं समजावत होते.

अल्बम आला त्या दिवशी मी क्रेगीबर्नवालीला फोन केला. म्हटलं, येते तुझ्याकडे, ऐकू या.

"दोघीच?"

"मग काय करायचं? ती काही येणार नाही."

"विचारलंस?"

मी विषय बदलला. रोज फोन करायचे, रोज हेच. शेवटी कांदे टाकून पळाले त्या दिवशी पार्किंगमधूनच तिला सांगितलं, बाई गं, माझे हे हाल चाललेत, आता तरी ऐक. ती खूप हसली. मग म्हणाली, "एक सांगते. तिनं सांगू नको म्हटलं होतं, पण दोन वर्षं पोटात ठेवलंय, आता बास झालं. त्या दिवशी तिच्या पर्समध्ये युनिव्हर्सिटीचं पत्र होतं. नर्सिंगला ॲडमिशन मिळाली होती तिला. चव्वेचाळिसाव्या वर्षी आयटी सोडून. आधी शोबद्दल बोलायचं आणि मग आपल्याला दाखवायचं, असं ठरवून आली होती. पत्र हातात काढून बसली होती गं. मला आरशात दिसलं. मग तू बोललीस, आणि तिनं ते परत पर्समध्ये ठेवलं."

मी विचारलं, "गेली का मग ती शिकायला?"

"गेली. पण पहिल्या दिवशी मला फोन केला होता, रडत. ह्या वयात कशाला, म्हणत होती. तुझेच शब्द."

मी गाडीत बसून राहिले. मला माझी इतकी चीड आली की काय सांगू. काउंटरवर दिवसभर लोकांचं ऐकून घेते मी, आणि जिचं आधी ऐकायचं असा वीस वर्षांचा नियम, तिचंच ऐकलं नाही. लेकीनं विचारलं, "यू ओके?" म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी मेसेज लिहायला घेतला. मोठाच्या मोठा झाला. मला माहीत नव्हतं, तू सांगायला हवं होतंस, मी बँडबद्दल बोलत होते, असं सगळं त्यात होतं. लेकीला वाचून दाखवला. तिला मराठी बोलायचा कंटाळा, पण कळतं सगळं. ती म्हणाली, "ममा, दॅट्स नॉट अ सॉरी. दॅट्स अ कम्प्लेंट." तक्रारी घेऊन घेऊन मला माफीसुद्धा तक्रारीसारखी लिहायची सवय लागली होती. सगळं पुसलं आणि एवढंच ठेवलं: अल्बम आलाय. मी ऐकलेला नाही. त्या दिवशी आधी तू बोलायचं होतंस. मी बोलले, आणि वाईट बोलले. चुकले.

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. सोमवार तसाच गेला. मंगळवारी दुपारी काउंटरवर एक आजोबा बिनवरून माझ्यावर तोंडसुख घेत होते आणि फोनवर तिचा मेसेज आला. "मीही नाही ऐकला. हॉस्पिटलात प्लेसमेंटला शिकायला जाते तिथं वॉर्डच्या टी रूममध्ये तोच लावतात, मी उठून बाहेर जाते. सगळे मला वेडी समजतात. शनिवारी येते. सीडीच आण, फोनवर नको." मी आजोबांना इतकं हसून "नो वरीज" म्हटलं की ते बिचारे बोलायचेच थांबले.

शनिवारी मी आणि क्रेगीबर्नवाली तिला आणायला एअरपोर्टवर गेलो. केस रंगवायचं सोडलं होतं तिनं, छान रुपेरी दिसत होते. मी मनात चार वाक्यं जुळवून ठेवली होती. तिनं मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "जाड झालीस."

"तू पिकलीस," मी म्हटलं, आणि मग तिथंच, टॅक्सीच्या रांगेसमोर, आम्ही एकमेकींना धरून उभ्या राहिलो. क्रेगीबर्नवाली शेजारी बॅग धरून म्हणत होती, पार्किंगची वेळ संपतेय. तिचेही डोळे भरले होते, पण तिनं ते वाऱ्यावर ढकललं.

सीडी प्लेअर असलेली गाडी आता आमच्यात एकच. लेकीला गाडी शिकायला घेतलेली जुनी सेडान, पुढेमागे शिकाऊची पिवळी एल प्लेट. समुद्राकडे निघायला म्हणून गाडीवाली स्टीअरिंगवर बसली, मी सवयीनं पुढच्या दाराशी गेले, तर तिथं ब्रिस्बेनवाली आधीच उभी.

"आज तू मागे बस," ती म्हणाली.

मी निमूट मागे बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा. मागे बसलं की पुढच्या दोघींची नुसती डोकी दिसतात, चेहरे दिसत नाहीत, कोण खूश आहे आणि कोण दुखावलंय ते कळत नाही. ती इतकी वर्षं हे कसं करत होती कोण जाणे.

समुद्राच्या कडेच्या कार पार्कमध्ये गाडी लावली. वारा मरणाचा. समोर एक माणूस कुत्र्याच्या मागे पळत होता. फोन डिकीत गेले, काचा वर गेल्या, सीडी आत गेली.

आणि अहाहा. पहिल्या गाण्याचं गिटार आलं तेच मुळी आपल्या घरी आल्यासारखं. मग त्याचा आवाज. खाली आणला होता त्यानं. सगळी पट्टीच खाली घेतली होती, जाड, खरखरीत, आणि कसलीही घाई नसलेली. जिथं पूर्वी तो वर झेपावला असता तिथं तो थांबायचा आणि गिटार वर जायचं, आणि तो खालून त्याला हात दिल्यासारखा गायचा. चौथ्या गाण्यात ड्रमर चक्क एकदा उशिरा आला, तेही तसंच ठेवलं होतं. सहाव्या गाण्याला पुढची दोन्ही डोकी हलायला लागली, चिप्सच्या जाळ्या हलवायचो त्याच ठेक्यावर. मी मागे एकटीच हसत होते आणि रडत होते. स्पीकर मात्र मागचे दोन्ही फर्स्ट क्लास होते.

शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला तो वन, टू म्हणतो आणि त्याला ठसका लागतो. कुणीतरी हसतं. तोही हसतो. मग पुन्हा वन, टू, थ्री, फोर. ते गाणं संपलं, सीडी फिरायची थांबली. गाडीत नुसता वाऱ्याचा आवाज.

मला वाटलं कुणीतरी बोलेल, मग लक्षात आलं, बोलायचं मला आहे. त्या रुपेरी डोक्याकडे बघत राहिले. मग म्हटलं, "घरी बसले नाहीत, फार बरं झालं."

ते डोकं हललं नाही. पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. मग दोन सीटांच्या मधून तिचा हात मागे आला, त्यात एक घडी केलेला कागद, घडीवर फाटायला आलेला, युनिव्हर्सिटीचा शिक्का असलेला.

"आता वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं. मागचा स्पीकर चालतोय का बघू."

मी चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.