सासूबाईंचं विरजण

मिरजेहून सकाळची गाडी धरली. लोंढ्यानंतर लाल माती दिसायला लागली आणि मला भूक लागली. हुबळीला उतरल्या उतरल्या गिरमिट (चिंचगुळाच्या पाण्यात कालवलेले चुरमुरे) आणि मिरचीभजी हाणली. तोंड असं पोळलं की विचारू नका! आता अक्काचं दही खाऊ म्हणून केशवापूरची रिक्षा केली.

अक्का माझी थोरली मावसबहीण. राहते केशवापुरात, पण सासरचं दह्याचं दुकान जुन्या हुबळीत. दारातच “बर्री, बर्री (या, या)” म्हणाली खरी, पण डोळे सुजलेले.

“दही लागंना झालंय गं. आठ दिवस दुकान बंद. सासूबाईंनी लग्नात मिरजेहून आणलेलं हेप्पू (विरजण) माझ्या हातात मेलं बघ.”

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. गप्प बसणं आमच्या रक्तात नाही. विरजणाचं गाडगं मागितलं. आत पिवळट थर साचलेला.

“हे धुतेस कधी?”

“धुवायचं नसतं! धुतलं की विरजणाचं कूळ तुटतं. सासूबाईंनी जाण्याआधी बजावलं होतं.”

“अगं, विषाणू काय आपल्यालाच गाठतात? दही लावणाऱ्या जिवाणूंनाही गाठतात. आत शिरून आपली पिल्लावळ वाढवतात आणि जिवाणूला फोडून बाहेर पडतात. या गाडग्यात त्यांचं चांगलंच फावलंय. हे टाक, पातेली उकळ आणि दुसरं विरजण आण.”

“दुसऱ्याचं?” अक्का कडाडली. “मग सासूबाईंचं काय उरलं या घरात?”

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात भावजी म्हणाले, “आपल्या शालूकडं असंल की.” या घरच्या लेकी सासरी जाताना विरजणाचा डबा नेतात. शालूही तो घेऊन अळणावरजवळच्या खेड्यात गेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसनं तिथं पोचलो. शालूनं गोबरगॅसवर चहा ठेवला. त्या शेणाच्या टाकीत गॅस करणारे जीव जिवाणूही नव्हेत. ते आर्किया, जिवाणूंहून वेगळंच घराणं, हवा लागली की मरणारं. हे मी सांगत होते, पण अक्काचं लक्ष दह्याच्या पातेल्याकडे.

“हे धुतेस?”

“रोज, कढत पाण्यानं. का गं आई?”

अक्कानं बोटभर चाखलं आणि पदर डोळ्यांना लावला. “तीच चव. सासूबाईंचीच.”

परतताना बसच्या धक्क्यानं डब्याचं झाकण उडालं नि निम्मं विरजण माझ्या साडीवर. अक्काचा चेहरा पांढराफटक! “अगं, चमचाभर उरलं तरी पुष्कळ,” मी म्हटलं, “एकाचे दोन व्हायला त्यांना कितीसा वेळ लागतो!”

रात्री पातेली उकळली, कोमट दुधाला विरजण लावलं. सकाळी अक्कानं पातेलं कलतं केलं. दही हललं नाही. अक्का लहान पोरीसारखी हसली. रिकाम्या गाडग्यात तिनं माती भरून तुळस लावली.

निघताना माझ्याही हातात एक डबा आला. एक नवी नवरी जे मिरजेहून घेऊन गेली, ते इतक्या वर्षांनी माझ्या मांडीवर बसून मिरजेला परत आलं. घरात पाऊल टाकते न टाकते तोच फोन वाजला.

“पोचलीस? आधी पातेलं उकळ,” अक्का म्हणाली, “मग चप्पल काढ.”