हरभऱ्याभोवतीची तार

मुलीला रानात एकटीनं एक रात्र काढायची होती. तंबू नाही, काडेपेटी नाही. एक चाकू, एक चादर, दोन लिटर पाणी. साहस शिबिरांत शिकवण्यासाठी ती परीक्षा देणार होती आणि तिथं हेच करून दाखवायचं होतं. त्याआधी सराव हवा होता. मला तो नको होता, पण ती तेवीस वर्षांची आहे. मग जागा शोधायचं काम मी मागून घेतलं.

जागा सापडेना. सेमाडोहकडे व्याघ्र प्रकल्प, तिथं रात्री जंगलात राहता येत नाही. अमरावतीभोवती नकाशावर जे मोकळं दिसे, ते प्रत्यक्षात कुणाचं तरी वावर निघे, नाहीतर वीटभट्टी. शेवटी बायकोच्या चुलतभावाची पडीक जमीन ठरली. शेंदूरजनाघाटच्या पुढं, संत्र्याच्या बागेमागं, मधून कोरडा नाला. त्याच्या घरापासून पाऊण किलोमीटर.

नाल्यापलीकडे शेजाऱ्याचा हरभरा होता. रानडुकरांसाठी तो काय करतो, असं मी विचारलं. मेहुणा म्हणाला की झटका मशीन आहे, कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडते, माणसाला काही होत नाही. माझी सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. कागद पाहिल्याशिवाय मी आकडा मानत नाही. एरवी ती मशीन पाहून आलो असतो. पण सासरवाडीत जावयानं खोदून विचारलं की माणसं दुखावतात. मी चहा घेतला.

दुपारी ती नाल्यात उतरली. मी हाका मारणार हे गृहीत धरून, ओ देणार नाही असं बजावून गेली. फोन माझ्याकडे दिला. थोडा वेळ मी बागेत बसलो, मग बसवेना. नाला ओलांडून शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, चालू लागलो.

तार गुडघ्याखाली होती. उघडी, बांबूच्या खुंट्यांवर, प्रत्येक खुंटीला प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा. मशीनचा डबा शोधत मी तारेमागं गेलो. डबा कुठंच नव्हता. तार थेट पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, स्टार्टरपाशी जात होती. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची लाइन रात्रीची होती. म्हणजे दिवसा ही नुसती तार, आणि अंधार पडला की मरण.

मी हाका मारल्या. ओ आली नाही. घसरत नाल्यात उतरलो. ती काठीवर काठी घुसळून विस्तव पाडायच्या खटपटीत होती, तळहाताला फोड आलेले. मला पाहून चिडली. मी तारेचं सांगितलं.

तिनं हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, ती तार मी दोनदा ओलांडली. या काड्या तिकडूनच आणल्या. रात्री पुन्हा जाणार होते."

घरी चल म्हणालो. नाल्याच्या पात्राबाहेर पाऊल टाकणार नाही, पण रात्र काढणारच, असं ती म्हणाली. मी शेजाऱ्याला गाठायला निघालो.

तो वावरातच भेटला. सगळं ऐकून म्हणाला, "जवाईबापू, पोरीले घरात झोपाले जागा नाई का?" मी मशीनचं विचारलं. ती कधीचीच बिघडली होती. "मंग मी का करू? एका रातीत डुकरं अख्खं वावर लोळवतेत."

यात माणूस मरतो, आणि हा गुन्हा आहे, हे मी सांगितलं. ते त्याला ठाऊक होतं. शेवटी त्यानं स्वतःच मोटारीच्या खोलीत जाऊन स्टार्टरमधून तारेचं टोक उपसून बाहेर टाकलं.

"घ्या. आता डुकरं कोन हाकलन?"

"मी."

त्यानं तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी माझ्या हाती दिली.

"आणि उद्या?" मी विचारलं.

"उद्या तुमी हाकलाले येता का?"

तो घराकडे गेला. अंधार पडला तसा मी मोटारीच्या खोलीच्या दाराशी बसलो, तारेच्या टोकावर नजर ठेवून. पलीकडच्या वावरांना काय लावलंय, ते मला माहीत नव्हतं. नाल्यात उजेड दिसत नव्हता. खोलीतला बल्ब एकदम लागला, लाइन आली. टोक मातीत मोकळंच पडलं होतं. मी पुन्हा वाकून पाहिलं, आणि डब्यावर काठी मारायला सुरुवात केली. डुकरं अजून आलीही नव्हती.