तात्यांच्या पायाचं माप

तात्यांच्या पायांना थंडी वाजत नाही, ही त्या जानेवारीत सुरेखाची सगळ्यात मोठी काळजी होती.

बाकी आयर्लंडमधल्या शॅनन गावात त्या आठवड्यात सगळ्यांच्याच पायांना थंडी वाजत होती. तिचा नवरा संजीव कारखान्यातून आला की मोजे न काढताच रेडिएटरला पाय लावून उभा राहायचा. अकरा वर्षांची तन्वी पलंगावरून खाली पाय ठेवायला तयार नसायची. सुरेखा स्वतः पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन ऑफिसचं काम करायची. आणि तिचे सासरे, शहात्तर वर्षांचे बाळासाहेब ऊर्फ तात्या, रोज सकाळी अनवाणी मागच्या अंगणात जायचे, पक्ष्यांना रात्रीचा भात टाकायचे, आणि गोठलेल्या गवतावर पावलांचे ठसे उमटवत सावकाश परत यायचे.

"तात्या, पाय गारठले असतील."

"छ्या! ग्रँड हाय."

हा शब्द तात्यांनी आयर्लंडात आल्यावर उचललेला पहिला आणि जवळजवळ शेवटचा इंग्रजी शब्द. सुरेखाला इथे येऊन आठ वर्षं झाली होती. इथला माणूस 'ग्रँड' म्हणाला, म्हणजे तो बरा असतो, किंवा बरा नसतो, किंवा त्याला त्यावर बोलायचं नसतं, हे तिला अनुभवाने कळलं होतं. तात्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी शब्दाचा उपयोग त्यांना पहिल्याच आठवड्यात उमगला.

ते आले होते तीन महिन्यांसाठी, २०२०च्या फेब्रुवारीत. मे महिन्याचं परतीचं तिकीट होतं, ते रद्द झालं. पुढचंही रद्द झालं. त्यानंतर तिकिटाचा विषय घरात कुणी काढला नाही. तात्यांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली होती, तीही सगळी कालव्यावर. दारं उघडायची, दारं लावायची, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी मिळणार ते सांगायचं आणि त्याबद्दल दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. रोजचं दहा-बारा किलोमीटर चालणं. अशा माणसाला तीन खोल्यांच्या घरात अकरा महिने ठेवलं, तर तो काय करील? तात्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. मग शेजारच्या डोनालच्या घरातले केले.

डोनालशी त्यांची दोस्ती अशी जमली. डोनाल सत्तरीचा, विमानतळावरून निवृत्त झालेला, एकटा. याला मराठी येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे दोघांचं कधी भांडण झालं नाही. नोव्हेंबरात डोनालने त्यांना मासे धरायला नेलं. तीन किलोमीटरवर एक तळं होतं, लॉकडाउनच्या पाच किलोमीटरच्या नियमात बसणारं. सुरेखा गाडीने सोडायची, डोनाल सायकलवर यायचा आणि लाकडी धक्क्यावर दोघं दोन मीटरचं अंतर ठेवून उभे राहायचे. डोनाल धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा.

"धरायचा, तोंड बगायचं, सोडायचा," तात्यांनी घरी येऊन सांगितलं. "चौकशी करून सोडल्यासारखं. पंचनामासुदिक न्हाई."

पण पुढच्या खेपेला ते तासभर आधीच टोपी घालून दारात बसले होते.

जानेवारीत तळ्याच्या कडेला बर्फ धरला. डोनाल अगदी खुशीत आला. तरुणपणी तो सहा वर्षं कॅनडात होता आणि तिथे गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायचा. इथला बर्फ बोटभरसुद्धा जाड नव्हता. त्यावर कुणीही पाय ठेवणार नाही, धक्क्यावरूनच फावड्याने बर्फ फोडून गळ टाकायचा, असं सुरेखाने त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग कुंपणाच्या पलीकडून डोनाल म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पण या माणसाच्या पायात काय आहे?"

तात्यांच्या पायात संजीवचे जुने कापडी बूट होते.

डोनालने तिथेच उभं राहून सुरेखाला बर्फातल्या मासेमारीचं शास्त्र ऐकवलं. तीन तास एका जागी उभं राहायचं, म्हणजे चालून पाय गरम होत नाहीत. सुती मोजे अजिबात नकोत, ते घाम धरून ठेवतात. आत पातळ लोकरी मोजा, वर जाड लोकरी मोजा. आणि बूट एक नंबर मोठा. लोक तिथेच चुकतात, घट्ट बुटात मोज्यांवर मोजे कोंबतात आणि पाय जास्तच गार पडतो. बोटं हलली पाहिजेत, आत हवा राहिली पाहिजे.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," डोनाल म्हणाला, "पाय कुरकुर करताहेत तोवर काळजी नाही. पाय कुरकुरायचे थांबले, की गळ गुंडाळून सरळ घरी यायचं."

सुरेखाने हे सगळं लिहून घेतलं. शेवटचं वाक्यही लिहून घेतलं.

बुटांची दुकानं बंद होती, बूट ही सरकारच्या लेखी जीवनावश्यक गोष्ट नव्हती. गुरांचं खाद्य मात्र होतं, म्हणून शेतीसामानाचं दुकान उघडं होतं आणि तिथे गमबूट मिळत होते. पण घरातल्या एकानेच जायचं. तात्यांना नंबर विचारावा, तर त्यांना नंबरच नव्हता. जन्मभर त्यांनी गावातल्या एकाच कारागिराच्या चपला घातल्या होत्या आणि तो कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिल फिरवायचा.

"मग तसंच करू," सुरेखा म्हणाली.

तन्वीच्या चित्रकलेच्या वहीचा कागद जमिनीवर ठेवला. तात्या त्यावर उभे राहिले. तन्वीने पेन्सिल फिरवायला घेतली. टाचेपासून सुरुवात, मग कडेने, मग प्रत्येक बोटाच्या मधून, अगदी खोलवर. पेन्सिलीचं टोक नुकतंच केलेलं होतं. एकदा ते अंगठ्याच्या बेचक्यात चांगलंच रुतलं. "सॉरी आजोबा!" तन्वी म्हणाली.

"कशापायी गं?" तात्या म्हणाले. ते खिडकीतून डोनालच्या छपरावरच्या पन्हाळीकडे बघत होते.

तन्वीला त्यात गंमत वाटली. तिने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तळव्याच्या कडेला हळूच गुदगुल्या केल्या. मग जोरात केल्या. "आई, आजोबा इजन्ट इव्हन टिकलिश!"

"चौतीस वर्सं कालव्यावर चालल्यावर गुदगुल्या कुठल्या ऱ्हात्यात?" तात्या म्हणाले, कारण 'टिकलिश'चा अर्थ त्यांनी तिच्या हसण्यावरून ओळखला होता.

संजीवही रात्री जेवताना हेच म्हणाला. "अगं, कालव्यावरचा माणूस आहे तो. उगाच काळज्या कशाला शोधतेस?" सुरेखाने काळजी शोधली नव्हती. तीच तिला शोधत आली होती. पण नेमकं काय खटकतंय ते तिला सांगता येईना, म्हणून तिने आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या माणसाने कागदावर एकेक बूट ठेवून पाहिला. नऊ नंबर रेघेवर बरोबर बसला. "म्हणजे दहा," सुरेखा म्हणाली. आतून अस्तर असलेले हिरवे गमबूट आणि दोन्ही जाडीचे मोजे घेऊन ती घरी आली. तात्यांनी दोन मोजे आणि बूट चढवून दिवाणखान्यात चार फेऱ्या मारल्या.

"कसे वाटतात?"

"ग्रँड."

"बोटं हलतात?"

तात्यांनी खाली बघितलं. बूट बंद होता. "हालत असतील की," ते म्हणाले.

हे वाक्य सुरेखाच्या डोक्यात दिवसभर राहिलं. हालत असतील की. जणू बोटं दुसऱ्या कुणाची होती आणि त्यांनी बऱ्याच दिवसांत खुशाली कळवली नव्हती.

शुक्रवारी सकाळी दहाला तिने तात्यांना तळ्यावर सोडलं आणि एकला परत आणलं. ते खुशीत होते. बर्फ फोडला होता, दोन मासे मिळाले होते, दोघांचीही चौकशी होऊन सुटका झाली होती. फक्त एका गोष्टीची चुटपुट होती. डोनालने त्यांना गळाचं जुनं सामान भेट दिलं होतं, ती पेटी दारातल्या फळीवर असायची. त्यातलं शिशाचं एक वजन सापडत नव्हतं.

"सकाळभर हुडिकलं," तात्या म्हणाले. "डोनाल्यानं समदं खिसं उलटं केलं. गेलं कुठं म्हनायचं?"

ते दारातल्या स्टुलावर बसले. सुरेखाने उजवा बूट ओढून काढला. बुटातून वाटाण्याहून मोठा, करडा गोळा बाहेर पडला, फरशीवर दोनदा उडाला आणि पायपुसण्यापाशी थांबला.

"हे बग!" तात्या आनंदाने म्हणाले. "हितंच हुतं की!"

फळीच्या खाली बूट असायचे. पेटी काढताना वजन आत पडलं असणार. तात्या त्या वजनावर तीन तास उभे राहिले होते आणि तीन तास तेच शोधत होते.

सुरेखाने मोजा काढला. वरचा जाड, मग आतला पातळ. आतल्या मोज्याला तळव्याच्या जागी बदामाएवढा लाल डाग होता. तळव्याला खोल खळगा पडला होता, कातडी सोललेली होती.

"तात्या, टोचलं नाही तुम्हाला?"

तात्यांनी पाय मांडीवर घेऊन बघितला. दुसऱ्याच्या शेताचा बांध फुटलेला बघावा, तसा. "न्हाई," ते म्हणाले.

"कधीपासून असं आहे?"

तात्यांनी पाय मांडीवरून सावकाश खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझी सासू गेली, त्याच्या आधीचं वरीस. साखरंमुळं हुतंय म्हनला डाक्तर. अनवानी फिरू नगा, रोज पाय बगत जावा म्हनला. तवा ती बगायची. रोज रातच्याला, चष्मा लावून. आता आपला आपल्याला तळवा कुठं दिसतोय?"

"आणि ह्यांना सांगितलं नाहीत?"

"संजूला? त्यानं एकट्याला इमानात बसू दिलं असतं व्हय?"

ते बरोबर होतं. डोनालच्या शास्त्रातलं शेवटचं वाक्य सुरेखाला आठवलं. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती; म्हणजे तात्यांचे पाय पाच वर्षांपूर्वीच कुरकुरायचे थांबले होते आणि घरी जायला विमान नव्हतं.

तिने कोमट पाण्याची परात आणली. हात घालून बघितला. तात्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. जखम धुतली, टिपली, औषध लावून पट्टी बांधली. तात्या तिच्या डोक्याकडे बघत होते.

"सुरेखा."

"हं."

"संजूला सांगू नगंस. त्यो मला घरात कोंडून घालील. तुमच्या ह्या गावात मला दुसरं हाय काय? त्यो डोनाल आन् ते तळं."

सुरेखाने पट्टीचं टोक चिकटवलं. न सांगितलं, तर पाय चिघळेल. सांगितलं, तर तळं जाईल. दवाखाना पाचला बंद होत होता आणि मग थेट सोमवारी उघडणार होता.

ती उठली. बूट उचलले, दोन्ही उलटे करून जोरात झटकले, आत हात घालून टोकापर्यंत चाचपले. मग ते जिन्याखालच्या 'हॉट प्रेस' नावाच्या उबदार कपाटात, गरम पाण्याच्या टाकीशेजारी, वाळायला ठेवले. तन्वी तिथे शाळेचे मोजे ठेवायची. तात्या बघत होते. बूट टाकून द्यायचे असते, तर वाळवले नसते, एवढा हिशोब त्यांना कळत होता.

"पाय बरा झाल्याशिवाय तळ्यावर जायचं नाही," ती म्हणाली. "त्यानंतर रोज रात्री पाय मी बघणार. बूट घालायच्या आधी आत हातही मीच घालणार. आणि ह्यांना संध्याकाळी तुम्ही स्वतः सांगायचं. मी शेजारी बसेन."

"आन् आता कुनाला फोन करतीस?"

"डॉक्टरांना. तुमच्यासमोरच करते."

"काय सांगनार?"

"जे आहे ते. ते तुमच्याशीही बोलतील. कसं वाटतंय म्हणून विचारतील, तेव्हा—"

"ठावं हाय," तात्या म्हणाले. "ग्रँड म्हनायचं न्हाई."

सुरेखाने स्पीकर लावला आणि नंबर फिरवला.