बॉयलरला लावलेल्या सात मोहऱ्या

माझा धाकटा भाऊ सोलापुरातील एका गिरणीत बॉयलरवर कामाला होता. मी पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे. त्या वर्षी बॉयलरच्या खालच्या सांध्यातील पत्रे धरून ठेवणाऱ्या सात रिव्हेटांची डोकी झिजून गेली व तेथून वाफ झिरपू लागली. त्याने दोनदा सांगूनही साहेबाने बॉयलर थांबविला नाही. दोष साहेबाच्या डोळ्यांसमोर ठेवावा, म्हणून त्याने हातभर लांबीची प्रतिकृती करावयास घेतली.

जुन्या पुठ्ठ्यावरून तो करंजीच्या कातण्याचे दातेरी चाक दाबून फिरवी, की सारख्या अंतरावर खळगे उमटत. प्रत्येक खळग्यात डिंकाने मोहरीचा एक दाणा बसवावयाचा, तोच रिव्हेट.

"कातणं परत मिळेल ना?" माझी पत्नी म्हणाली. "नाहीतर दिवाळीला करंज्या दातांनी कातरीन."

"वहिनी, मोहरीही संपली. आज आमटी बिनफोडणीची!"

दाणे बसविण्याचे काम माझ्याकडे आले. दर्भाच्या टोकाने दाणा उचलावा, देवाचे एक नाव घ्यावे आणि तो ठेवावा, अशी माझी रीत. "अण्णा, हा बॉयलर आहे, शाळिग्राम नव्हे," तो हसून म्हणे.

खालचा सांधा त्याने स्वतः केला आणि वरच्या रांगा मला पुऱ्या करावयास सांगून तो पाळीवर गेला. काम संपविताना खालच्या रांगेत मला सात खळगे रिकामे दिसले. किती रिव्हेट गेले, हे त्याने मला सांगितले नव्हते; झोपेच्या डोळ्यांनी राहिले असावेत, असे मी धरले. खंडित मूर्ती आम्ही देव्हाऱ्यात ठेवीत नाही. हाताने घडविलेली वस्तू अपुरी घराबाहेर जावी, हे मला सोसवले नाही. सात नावे घेऊन मी सात दाणे बसविले आणि प्रतिकृती पंच्यात बांधून ठेवली.

रात्री उशिरा परतलेला तो सकाळी गाठोडे न सोडताच गिरणीत घेऊन गेला.

सायंकाळी परतला तो चौकटीतच उभा राहिला. "साहेब म्हणाला, सात गेले म्हणतोस, तुझ्याच खेळण्यात तर एकही कमी नाही. सगळे हसले. अण्णा, मोकळ्या जागा तुम्ही भरल्यात?"

"भरल्या."

तो रागावला नाही, हेच मला जड गेले. हातपाय धुऊन तो शेजारी बसला आणि आम्ही सुईने सातही दाणे उकरून काढले. "उद्या पुन्हा दाखवतो," एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेब येण्यापूर्वीच बॉयलरचा तो सांधा फाटला. भाजलेल्या भावाला झोळीतून दवाखान्यात नेले. दिवस मावळण्याआधी त्याने प्राण सोडला. गाठोडे एका कामगाराने घरी आणून दिले.

"मास्तर, साहेबाच्या दाराशी ठिवलं हुतं त्यांनी. आल्या आल्या दाखवायचं म्हनत हुते."

ती प्रतिकृती देव्हाऱ्याखालच्या फडताळात आहे. तिला मी गंध लावीत नाही. स्नान झाले की त्या सात खळग्यांवरून बोट फिरवितो, आणि मगच पूजेला बसतो.