आपांबरोबर मिरजेला

आम्ही कळंबला राहायला गेलो तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात येऊन फार काळ झाला नव्हता. शाळांना मराठी शिकवणारे मास्तर कमी पडत होते, म्हणून आमच्या ह्यांना बार्शीहून तिकडं नेमलं. शेजारचं घर बांगड्या विकणाऱ्या एका मुसलमान नवरा-बायकोचं होतं. नवरा बाजारातलं दुकान सांभाळायचा आणि बायको टोपली घेऊन खेड्यापाड्यांतून बांगड्या भरत हिंडायची. सगळी गल्ली तिला आपा म्हणायची, मीही म्हणू लागले. आपांना मूलबाळ नव्हतं.

वर्षभरात आपांच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी मिरजेचा मोठा दवाखाना सांगितला. त्या परतल्या तेव्हा छातीची एक बाजू सपाट झालेली आणि त्या बाजूचा, डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजलेला. बायका दारातूनच विचारपूस करून जात. रोग लागेल असं उघड कुणी म्हणत नव्हतं, पण आडावर आपांची घागर आली की बाकीच्या घागरी थोड्या सरकत.

मी त्यांच्याकडं गेले ते माझ्या आईमुळं. तिलाही असंच काही झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मी लहान होते, मला काकांकडं पाठवून दिलं होतं. परत आणलं तेव्हा तिची खोली सारवलेली होती आणि तिची लुगडी कुणाला तरी देऊन टाकली होती. शेवटी तिच्याजवळ कोण बसायचं, तिचे केस कोण विंचरायचं, हे मी कुणाला विचारू शकले नाही. आपांना सुजल्या हातानं वेणी घालता येत नाही, हे एके दिवशी परसातून दिसलं. मी फणी घेऊन गेले.

"मास्तरीणबाई, लोक नावं ठेवतील तुम्हाला," आपा म्हणाल्या.

"ठेवू द्या. तेल कुठं हाय?"

मग रोज दुपारी मी त्यांची वेणी घालायची, असं ठरूनच गेलं. माझ्याकडं पाठ करून त्या बोलत राहायच्या. कुठल्या गावच्या बायकांना हिरवा चुडा लागतो, कुणाचा हात लोण्यासारखा आणि कुणाचा बाभळीच्या ढलपीसारखा. मधेच म्हणायच्या, "हळू ओढा, ती बाजू दुखायली." त्यांच्या केसांत हात घातला की मला आईची आठवण यायची. खरं तर आईचे केस कसे होते तेही मला आठवत नव्हतं.

पुढच्या चैत्रात त्यांनी येरमाळ्याच्या जत्रेत दुकान मांडायचं ठरवलं. एका हातानं बांगडी भरता येणार नव्हती, म्हणून मी सोबत गेले. मी बायकांचा हात धरायची आणि आपा उजव्या हातानं बांगडी चढवायच्या. तिथं येरमाळ्याचीच एक बाई आली, शेतकरी घरातली, माझ्याच वयाची. बांगड्या भरून झाल्या तरी ती उठेना. गर्दी पातळ झाल्यावर हळूच म्हणाली, "आपा, तुमचं समदं कळलं मला. मलाबी हाय. म्या कुणाला सांगितलं न्हाय."

आपांनी तिचा हात धरून ठेवला. म्हणाल्या, "इथं न्हाय. मालकाला घेऊन घरी ये."

चार दिवसांनी ती दोघं बैलगाडीनं कळंबला आली. पुरुष बाहेर ओट्यावर बसले. आत आम्ही तिघीच होतो. ती बाई भिंतीला टेकून खाली मान घालून बसली होती.

"कापल्यावर बाईमाणूस जगतं का?" तिनं विचारलं.

आपांनी दार लावलं आणि चोळीची गाठ सोडली. ती जागा मीही तोवर पाहिली नव्हती. गळ्याच्या हाडाखालून काखेपर्यंत गेलेला लालसर व्रण, ओढून शिवल्यासारखी कातडी. त्या बाईनं आधी नजर फिरवली, मग परत पाहिलं.

"हात लाव," आपा म्हणाल्या.

तिनं दोन बोटं टेकवली. "दुखतं का?"

"आता न्हाय. हात जड वाटतो. थंडीत ओढल्यावानी होतंय."

"मालकानं टाकलं न्हाय तुम्हाला?"

आपा हसल्या. "ते काय, बाहेर बसलेत. तुझ्या मालकाला तंबाखू देऊन बोलायलेत."

ती बाई रडू लागली. आपांनी तिला रडू दिलं. मग ती म्हणाली, तुम्ही संगट याल तर जाते. आपांनी मला न विचारताच सांगून टाकलं, "येते की. मास्तरीणबाईबी येतील." संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "जा. मी पिठलं करून खाईन."

येडशीपर्यंत मोटारीनं गेलो आणि तिथून छोट्या रेल्वेगाडीनं, बार्शी, कुर्डुवाडी करत मिरजेला. गाडी इतकी सावकाश चालायची की रुळाकडेच्या कडुनिंबाच्या फांद्या हातानं धरता येतील असं वाटायचं. त्या बाईचा नवरा पुरुषांच्या डब्यात बसला होता. आपा खिडकीशी बसून तिला प्रत्येक गावाचं नाव सांगत होत्या. बार्शी आली तेव्हा मी तिथल्या माझ्या माहेरच्या दिशेनं पाहत राहिले. आपांनी आपला जड हात माझ्या मांडीवर ठेवला.

मिरजेला मला कळलं की ऑपरेशनच्या आधी हातातल्या सगळ्या बांगड्या काढायला लागतात. बायका त्यालाच जास्त घाबरायच्या. नवरा जिवंत असताना हात मोकळे कसे करायचे, आणि काढताना काच तडकली तर काय, हे त्यांच्या डोक्यातून जात नसे. आमची बाई मुठी आवळून बसली. आपांनी आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेतून खोबरेल मागून आणलं, तिच्या हाताला चोळलं, अंगठा आत दाबला आणि बोलता बोलता एकेक बांगडी सरकवत काढली. एकही तडकली नाही. त्या सगळ्या स्वतःच्या पदरात बांधून म्हणाल्या, "माझ्यापाशी हायेत. बाहेर आलीस की चांगल्या हातात मीच भरते."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं ते पाहून आपला हात पुढं केला. मग पलीकडचीनं. कानडी बोलणाऱ्या एका म्हातारीशी आपांची भाषा जुळेना, तरी तिच्याही बांगड्या निघाल्या. नर्सनं आपांना बसायला स्टूल आणून दिलं. आम्ही तिथं होतो तितके दिवस त्या सकाळी स्टुलावर बसायच्या आणि मी तेलाची वाटी धरून उभी राहायची. कुणाच्या बांगड्या कुठल्या ते पदराच्या गाठींवरून त्यांना बरोबर कळायचं.

आमची बाई बरी झाली. ते गावोगाव पसरलं आणि आपांच्या दारात बायका येऊ लागल्या. सगळ्या काही वाचल्या नाहीत. काही फार उशिरा आल्या, एकीची तब्येत तर गाडीतच ढासळली, तिला आम्ही कुर्डुवाडीहूनच माघारी आणलं. तिच्या घरून परतताना आपा म्हणाल्या, "निदान खिडकीशी बसून आली ती." आमच्या मंडळाला नाव नव्हतं, मंडळ तरी कुठलं. आम्ही दोघी होतो आणि एक तेलाची बाटली.

मग ह्यांची बदली तुळजापूरजवळच्या तामलवाडीला झाली. माझ्या आयुष्यातली ती कळंबची वर्षं सगळ्यांत चांगली होती, हे तामलवाडीला गेल्यावर लक्षात आलं. दुपारी काम आवरलं की हात रिकामे वाटायचे. परसातून कुणी "मास्तरीणबाई" म्हणून हाक मारेल, असं उगाच वाटायचं. कळंब काही परमुलखात नव्हतं, पण घरात दोन लहान मुलं झाली होती आणि जाणं पुढं पुढं ढकललं जात होतं.

एकदा येरमाळ्याची ती बाई तुळजापूरला दर्शनाला आली होती, ती विचारत विचारत आमच्या घरी आली. चांगली सुधारली होती. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "बाई, आपा गेल्या." आजार पाठीत उतरला होता. मिरजेला चला म्हणून तिनं दोनदा आग्रह केला, पण त्यांनी ऐकलं नाही. शेवटी ती आठ-आठ दिवस त्यांच्याकडं राहून आली होती.

"केस कोण विंचरायचं?" मी विचारलं.

"म्या विंचरायची. तुमची लई आठवण काढायच्या. म्हणायच्या, मास्तरीणबाईचा हात हलका होता."

मुलांना शेजारी ठेवून मी कळंबला गेले. आपांचे मालक घरीच होते, एकदम म्हातारे दिसू लागलेले. कबर बघायची आहे म्हटल्यावर ते माझ्याबरोबर कबरस्तानाच्या रस्त्यापर्यंत आले. आत बायका जात नाहीत, म्हणून त्यांनी तिथूनच बोट दाखवलं. मातीचे कितीतरी उंचवटे होते, सगळ्यांवर तेच वाळलेलं गवत. त्यांचं बोट नेमकं कुठल्या उंचवट्याकडं होतं ते मला कळलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

घरी येऊन ते म्हणाले, "बसा, बाई. तुमच्या मोटारीला टाइम हाय." मी ओट्यावर बसले. आत गेले नाही. दुपारची उन्हं गल्लीत उतरली, मोटारस्टँडकडून भोंगा ऐकू आला, मोटार निघून गेली, तरी मला उठवेना.