फोरमचा उतार

अप्पा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवत होते. त्यांचं लाडकं शहर रोम. फळ्यावर खडूनं सात टेकड्या काढायच्या, मधल्या खोलगटात फोरम दाखवायचा, आणि सांगायचं की तिथं आधी नुसती दलदल होती. राजांनी मोठं गटार खणून ती आटवली आणि त्या चिखलावर साऱ्या साम्राज्याचा चौक उभा राहिला. मीही त्या वर्गात बसलेली आहे.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही रोमचं ठरवलं, तेव्हा अप्पांना न्यायचं हे धरूनच चाललो होतो. दुबईतल्या आपल्या लोकांत एक समज पक्का आहे, की युरोपचा व्हिसा इथून पटकन होतो. तो आमचा होतो, कारण आम्ही इथले रहिवासी. हा पुढचा भाग मी कुणाला विचारलाच नाही. अप्पांना व्हिजिट व्हिसावर बोलावलं, पाच तिकिटं काढली आणि ऊद मेथातल्या आमच्या घराजवळच्या व्हिसा केंद्रात पाच फायली घेऊन गेलो.

काउंटरवरच्या मुलीनं चार घेतल्या. पाचवी अदबीनं परत सरकवली.

"अंकल व्हिजिट पे हैं ना? इनको इंडिया से ही अप्लाय करना पड़ेगा."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. नवरा बराच वेळ वाद घालत राहिला. अप्पा तोवर फायलीतले स्वतःचे फोटो काढून नीट खिशात ठेवत होते.

मी म्हटलं, सगळंच रद्द करू. पोरांची तोंडं उतरली. अप्पा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी तुळशीला पाणी घालीन."

आणि आम्ही खरंच गेलो. विमानात बसेपर्यंत लाज वाटत होती, मग तीही थांबली. रोममध्ये मला काहीच वाटलं नाही. स्वतःचा राग आला असता तरी चाललं असतं. काय काय पाहायचं ते अप्पांनी कागदावर लिहून दिलं होतं आणि मी वाणसामानाच्या यादीसारख्या खुणा करत फिरले. पँथिऑनच्या घुमटाला मधोमध भोक आहे, त्यातून पाऊस आत पडतो, असं कागदावर होतं म्हणून मी वर पाहिलं. व्हिडिओ कॉल लावला की माझ्यामागची कमान कुणाची, ते दुबईत बसलेले अप्पाच मला सांगायचे. मुलं म्हणायची, "आई, कॅन वी गो नाऊ?" मलाही तेच हवं होतं.

परत आलो तर तुळस टवटवीत, मुलांचे युनिफॉर्म इस्त्री करून ठेवलेले. अप्पांनी चहा केला. फोटो दाखव म्हणाले नाहीत. चहा संपल्यावर एकच विचारलं.

"फोरममध्ये जाताना खाली उतरावं लागतं का गं? मी वर्गात पोरांना फळ्यावर तसं काढून दाखवायचो."

मला आठवेना. त्या जागी मी दोन तास चालले होते.

"हो," मी म्हटलं. "उतरावंच लागतं."

"मग बरोबर शिकवलं," म्हणत ते कप विसळायला उठले.

आठवड्यानं त्यांना विमानतळावर सोडून आले आणि फोनमधले फोरमचे फोटो उघडले. सगळ्यांत आम्हीच चौघं, छातीपासून वर. जमीन एकाही फोटोत आलेली नव्हती.