गाढवाच्या पुस्तकाला हळद

मी इटलीला निघाले त्या दिवशी आळेफाट्यावरची वाहतूक साडेतीन तास खोळंबली होती. नाशिककडच्या गाड्या नाशिककडं, नगरकडच्या नगरकडं, आणि लोक एसटीच्या टपावर चढून मला बघत होते. इकडं सगळ्यांना मी असंच सांगते. पण माझ्या आळेफाट्याच्या बायांनो, तुम्ही तिथंच उभ्या होता, म्हणून तुमच्यापुरतं खरं सांगते. ऊस घेऊन पारगावला निघालेला एक ट्रॅक्टर चौकात बंद पडला होता आणि माझे वडील, म्हणजे आप्पा, त्याच्या पोटाखाली उताणे पडून पाना फिरवत होते.

जीप सुरू होती. माळशेज उतरून विमानतळ गाठायचा होता. माझा नवरा संपत मूळचा मढचा. भाताची खाचरं भावावर सोपवून तो दोन वर्षं आधीच इटलीत गेला होता, गाईंच्या गोठ्यावर कामाला. आता मी निघाले होते. आप्पा ट्रॅक्टरखालून सरपटत बाहेर आले, दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत ग्रीसनं काळे. माझी साडी नवी. म्हणून त्यांनी डोक्यावर हात ठेवलाच नाही, कोपर ठेवलं. बापाच्या कोपराचा आशीर्वाद घेऊन परदेशी गेलेली मी पृथ्वीवरची पहिलीच लेक असेन.

"रंजे," ते म्हणाले, "हाताला काम लागल्याबिगर मानूस कुठल्या गावचा व्हत न्हाई. काम लागलं की फोन कर."

आणि पुन्हा ट्रॅक्टरखाली. आमच्या गॅरेजच्या दारात खुर्चीवर पांढऱ्या कपड्यातले एक पावणे चहा पीत बसले होते. दर सोमवारी यायचे ते. चहा घ्यायचे, सगळीकडं नजर फिरवायचे, निघून जायचे. ते असेपर्यंत आप्पा बसायचे नाहीत. मला वाटायचं, पाहुण्याचा मान ठेवतात. त्या दिवशी पावण्यांनी घड्याळ बघितलं आणि आप्पांचे पाय ट्रॅक्टरखाली जरा घाईनं हलले, एवढं मला जीपच्या मागच्या काचेतून दिसलं. आईनं डोळे पुसत एकच बजावलं, "खोटं बोलशीलच तू. पन मिठाएवढं बोल, पिठाएवढं नको."

आईनं मला चांगलं ओळखलं होतं. पुढं पिठाचं पोतंच सांडलं.

इटली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जे येतं त्यातलं काहीही आमच्या गावात नाही. सपाट माळ, मक्याची शेतं, गाई आणि धुकं. धुकं असं की पहिल्या आठवड्यात मी दोनदा दुसऱ्याच्याच घरात शिरले आणि दुसऱ्या वेळी जेवूनच बाहेर पडले. संपत पहाटे गोठ्यावर जायचा. तिथं गाईला माणूस शिवत नाही, यंत्र लागतं, आणि गाईच्या गळ्यात पट्टा असतो तो कॉम्प्युटरला सांगतो की आज हिचं मन नाही. हे ऐकून मी हबकले. बारा वर्षं संसार केला तरी जे कुणाला कळत नाही ते इथं गाईचं कळतं.

माझं मात्र कुणाला काही कळेना, मलाही कुणाचं कळेना. आणि दर रविवारी आप्पांचा फोन. "लागली का कामाला?" मी म्हणायचे, बघतेय. घरात बसून, बघून बघून भिंती उष्ट्या झाल्या होत्या.

वाचनालयात मी पुस्तकासाठी शिरलेच नाही. बाहेर बोटं गळून पडायची वेळ आली होती आणि आत हीटर दिसला. दारात शिपाई नाही. पिशवी कुणी तपासली नाही. नाव नाही, गाव नाही. कपाटांना काच नाही, कुलूप नाही. आमच्या शाळेची लायब्ररी म्हणजे एक काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली ज्या गुरुजींकडं होती ते जुन्नरला बदलून गेले होते. दहावीपर्यंत मी पुस्तकांच्या पाठी तेवढ्या वाचल्या. इथं हजारो पुस्तकं उघड्यावर, जसा बाजार मांडून माणसं जेवायला गेलीत. मला वाटलं ही फसवणूक आहे. एक पुस्तक काढलं आणि अर्धा तास कुणी ओरडतंय का याची वाट बघत उभी राहिले.

आली ती पाओला. चष्मा दोरीला बांधलेली, साठीच्या आसपासची, त्या वाचनालयाची बाई. मी घाबरून पुस्तक मागं लपवलं. तिनं हसून मला खिडकीजवळच्या कपाटाकडं नेलं. तिथं सगळी इंग्रजी पुस्तकं. आणि खालच्या फळीवर अशी पुस्तकं की माझ्या तोंडाचा आ वासला तो वासलाच. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर तीच गोष्ट इटालियनमध्ये. ओळीला ओळ. बैलजोडीच जुंपलेली, एक चुकला की दुसऱ्याकडं बघायचं. पंजाबी-इटालियन होतं, अरबी-इटालियन होतं. मराठी आहे का म्हणून मी सगळी फळी दोनदा चाचपली. नव्हतं.

माझं इंग्रजी बारावीचं, त्यातलं निम्मं गॅरेजमध्ये शिकलेलं. क्लच, गास्केट, ट्रायल, ओके. तरी ते इटालियनपेक्षा बरं. मी सगळ्यात बारीक पुस्तक उचललं, पांढऱ्या वेष्टनाचं. एक म्हातारा त्याच्या गाढवाला घेऊन डोंगरापलीकडच्या बाजाराला निघतो, एवढीच गोष्ट. पाओलानं माझ्या नावाचं कार्ड करून दिलं आणि पुस्तक तीस दिवस घरी ने म्हणाली. विश्वास बसेना. आमच्यात शेजारीण पाटा-वरवंटा देते तोसुद्धा दोनदा आठवण करून देत.

मग मी रोज तिथं जाऊन बसू लागले. इंग्रजीचा काठ धरायचा आणि इटालियनमध्ये पाय टाकायचा. महिन्याभरात मला पूर्ण वाक्यं येऊ लागली. अडचण एवढीच की सगळी वाक्यं गाढवाची होती. शेजारच्या म्हातारीनं संपतची चौकशी केली तेव्हा मी ठणठणीत इटालियनमध्ये सांगितलं, "माझं गाढव दमलंय, आता त्याला पाणी हवं." म्हातारीनं संध्याकाळी संपतला वाईनची बाटली आणून दिली.

अशाच एका रविवारी, दुपारी उघडं असतं म्हणून मी वाचनालयात असताना आप्पांचा फोन आला. कुठं आहेस, म्हणाले. मी दबक्या आवाजात म्हणाले, "लायब्ररीत आहे, मोठ्यानं बोलता येत नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण पलीकडं आप्पांनी फोन कानापासून लांब धरला. मग त्यांचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होते, "लायब्ररीत हाय म्हनं. ड्युटीवर बोलता येत न्हाई." आणि मला म्हणाले, "झाक. झाक काम केलंस पोरी."

तिथंच सांगायला हवं होतं. पण आप्पांनी मला 'झाक' आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. ते नीट सुरू झालेल्या ट्रकच्या इंजिनाला म्हणायचे, मला कधी नाही. मी गप्प बसले. पुढच्या रविवारी मी इंग्रजी विभाग सांभाळत होते. त्याच्या पुढच्याला माझ्या हाताखाली दोघी होत्या. दिवाळी जवळ येईतो, बायांनो, अर्ध्या इटलीची लायब्ररी मी चालवत होते आणि आळेफाट्याला थांबणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ते माहीत होतं.

पण दिवाळीआधी दसरा येतो.

तुम्हाला आमच्या गॅरेजचा दसरा ठाऊक आहे. आप्पा आदल्या दिवशी एकूण एक पाना रॉकेलनं धुणार, पोत्यावर मांडणार, जॅक, हातोडी, पक्कड, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडू, आपट्याचं पान. त्या दिवशी पान्याला कामासाठी हात लावायचा नाही, नुसतं पाया पडायचं. आम्हा पोरांना ते सांगायचे, ज्याच्या जिवावर खाता त्याला वर्षातनं एकदा तरी बसवा.

त्या सकाळी इकडं नुकतं उजाडलं होतं. आप्पांचा व्हिडिओ कॉल. मागं सगळी हत्यारं मांडलेली, आई, दोन गिऱ्हाइकं, आणि खुर्चीत पांढऱ्या कपड्यातले ते पावणे. आप्पांनी सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. म्हणाले, "रंजे, आमची झाली. आता तुझी दाव. पुस्तकं मांड."

घरात माझ्याकडं पुस्तक एकच होतं. गाढवाचं, पुन्हा पुन्हा मुदत वाढवून आणलेलं. आणि ते माझं नव्हतं. मी ते टेबलावर ठेवलं, समोर दिवा लावला आणि लांबूनच हात जोडले. आप्पा स्क्रीनजवळ आले, अगदी नाक काचेला लागेतो.

"हळद कुठाय? अशी कोरडी पूजा असती व्हय?"

मी म्हटलं, इथं मिळत नाही. आई मागून म्हणाली, मी डबाभर दिली की. पाच माणसं बघत होती. संपत दारात उभा राहून मान हलवत होता, नको नको म्हणून. पण आप्पांचा चेहरा असा होता की त्या वेळी त्यांनी मला गाडीचं इंजिन गिळायला सांगितलं असतं तर मी पाणी मागून गिळलं असतं. मी बोट हळदीत बुडवलं आणि त्या पांढऱ्या वेष्टनावर टेकवलं. मग कुंकू. पलीकडं सगळ्यांनी हात जोडले. पावण्यांनीसुद्धा.

फोन बंद झाला आणि मी पुस्तक घेऊन मोरीकडं पळाले. आता हळदीवर साबण लावायचा नसतो हे शेंबड्या पोरीलाही कळतं. मला कळलं नाही. साबण लागला आणि हळद लालभडक झाली. पुसली तशी पसरली. वेष्टनावरचं गाढव असं दिसायला लागलं जसं कुणी त्याचा गळा कापलाय. मी जमिनीवर बसले. गावातलं एकच दार मला नाव-गाव न विचारता उघडलं होतं, आणि ते मी स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

पुस्तक द्यायची तारीख येईपर्यंत थांबले असते, पण झोप लागेना. तिसऱ्या दिवशी गेले. पाओलानं पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावला, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं, मग गळ्याकडं, मग हळूच विचारलं, रक्त आहे का. घरी सगळं ठीक आहे ना.

बायांनो, तिला वाटलं मला कुणी मारलं. मी इतकी हादरले की गाढवाची, बाजाराची, डोंगराची, होती नव्हती सगळी वाक्यं तोडून जोडून बोलू लागले. म्हणाले, रक्त नाही, हळद आहे. माझा बाप वर्षातून एकदा त्याच्या हत्यारांना थांबवतो आणि आभार मानतो. मला हात नव्हते इथं. या पुस्तकानं दिले. म्हणून याचे आभार मानले. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून तेही सांगितलं जे कुणी विचारलं नव्हतं : मी बापाला सांगितलंय की मी इथं काम करते.

पाओलानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मला वाटलं कार्ड मागेल. मी ते काढून टेबलावर ठेवलंही होतं. तिनं ते माझ्याकडं परत सरकवलं, पुस्तकाच्या आतल्या बाजूला एक कोरा कागद चिकटवला आणि पेन दिला. म्हणाली, पुढचा वाचक माझ्यासारखाच घाबरेल, तेव्हा त्याच्यासाठी लिही. आधी तुझ्या भाषेत. मग आमच्या.

मी लिहिलं, 'हे रक्त नाही, हळद आहे.' त्या फळीवरची ती मराठीची पहिली ओळ.

घरी येऊन मी आप्पांना फोन लावला, वाकडं-तिकडं न करता सगळं सांगितलं. नोकरी नाही. हाताखाली कुणी नाही. पुस्तकसुद्धा परत द्यायचं होतं. पलीकडं ट्रक गेले, एक, दोन, तीन. मी मोजत होते.

"पुस्तक तुजं नव्हतं," आप्पा म्हणाले.

"नाही."

"मंग पाने तरी कुठं माजे हैत?"

मला कळेना. ते सावकाश बोलले. गॅरेज पांढऱ्या कपड्यातल्या त्या माणसाचं. पाने त्याचे, जॅक त्याचा, खुर्चीही त्याचीच. तीस वर्षं आप्पा तिथं कामाला होते. मी लहानपणी शाळेत 'आमचं गॅरेज' सांगून आले, सगळ्यांनी ते खरं धरलं, आणि मग आप्पांच्यानं मोडवेना. त्या माणसाला सांगून ठेवलं होतं, पोरीपुढं मी तुम्हाला पावणं म्हणीन, रागावू नका.

इटलीत आल्यापासून मला इतकं काही बघून धक्के बसले, पण खरा धक्का आळेफाट्यावरून आला. थापा मारण्यात मला हरवणारा माणूस जगात आहे आणि तो माझाच बाप आहे.

"तुमी एवढी वर्सं दुसऱ्याच्या पान्यांची पूजा केली?" मी विचारलं.

"पूजा मालकाची नसती पोरी," ते म्हणाले. "हाताची असती."

आता मला कुणी घर कुठं विचारलं तर मी आधीसारखी धाडकन 'आमचं गॅरेज' म्हणत नाही, 'आमची लायब्ररी' असंही म्हणत नाही. दोन्ही दुसऱ्यांची आहेत. तरी दोन्हीकडं माझ्या हाताचा डाग आहे. काल खिडकीजवळच्या त्या फळीवर बघितलं तर गाढवाचं पुस्तक जागेवर नव्हतं. कुणीतरी नेलंय. आतला कागद वाचत असेल.

यंदा दसऱ्याला ते पुन्हा घरी आणणार आहे. आप्पांना म्हटलं, या वेळी वेगळ्या कागदावर हळद लावते, पुस्तकाला नको. तर म्हणाले, "कागदाला कशाला? पुस्तकालाच लाव. बारकं बोट लाव."